अनवाणी

डॉक्टर फेनेमांनी बोथट टोकाची पोलादी काडी वीब्रेनच्या डाव्या तळपायाच्या जखमेत हळूच सरकवली. जखम अंगठ्याच्या मुळाशी, चवड्याच्या फुगीर भागावर होती. वरून पाहिली तर जेमतेम वाटाण्याएवढी. काडी मात्र आत जातच राहिली. शेजारच्या खुर्चीच्या कडेवर बसलेली हिन्के मनातल्या मनात आता थांबेल, आता थांबेल म्हणत होती. मग काडी कशाला तरी टेकली. आवाज झाला नाही, पण बोटांना जे कळलं ते डॉक्टरांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"हे हाड लागलं," त्या म्हणाल्या. "दुखतंय का?"

"काय दुखतंय?" खिडकीबाहेर बघत असलेल्या वीब्रेनने मान वळवली. "सुरू केलंत होय तुम्ही?"

डॉक्टर हसल्या नाहीत. हिन्केच्या तोंडचं पाणी पळालं. नवऱ्याच्या रक्तात साखर आहे हे तिला कैक वर्षं ठाऊक होतं. म्हणून तर घरात कॉफीबरोबर एकच बिस्किट मिळायचं आणि डबा लगेच बंद व्हायचा. पावलं बधिर झालीत हेही ठाऊक होतं. पण माणसाच्या हाडापर्यंत लोखंड पोचावं आणि त्याने बाहेरच्या बगळ्याकडे बघत बसावं, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं.

डॉक्टरांनी क्ष-किरणांचं चित्र पडद्यावर आणलं. अंगठ्यामागच्या लांब हाडाचं टोक गोल, गुळगुळीत असायला हवं होतं. ते उंदराने कुरतडलेल्या पावासारखं दिसत होतं.

"जंतू हाडात शिरलेत. नुसत्या गोळ्यांनी हे भागणार नाही. सुरुवात कशी झाली पण? काही टोचलं होतं का?"

"अनवाणी गेलो होतो," वीब्रेन म्हणाला. "मागच्या कोठारात. तिथं काहीतरी रुतलं असेल. चुकलंच माझं."

झालं. हिन्केला एवढंच हवं होतं.

"ऐका! ऐका तुम्हीच! कानीकपाळी ओरडत असते मी, अनवाणी फिरू नकोस, तुझ्या पायाला डोळे नाहीत. अंगणात घसरून पडू नये म्हणून नोव्हेंबरात ह्याच्या पायातल्या लाकडी क्लोम्पना खालून रबर ठोकून दिलं मी, स्वतःच्या हातांनी, थंडीत कुडकुडत. आणि हा ते काढून ठेवतो नि मोज्यांवर कोठारात हिंडतो! लहान पोर आहे का हे?"

"चुकलं म्हटलं ना," वीब्रेन म्हणाला.

एवढ्या वर्षांच्या संसारात वीब्रेनने आपलं चुकलं असं कधीच म्हटलं नव्हतं. एकदा त्याने ट्रॅक्टर कालव्यात घातला होता, तेव्हाही दोष कालव्याचाच होता. आज एका दमात दोनदा म्हणाला. फार घाबरलाय हा, तिला वाटलं, आणि तिचा सगळा राग विरून गेला. तिने त्याच्या कोटाची कॉलर उगीचच सरळ केली.

आधी ज्या डॉक्टरांना दाखवलं होतं त्यांनी अंगठा आणि त्यामागचं हाड सरळ काढून टाकायला सांगितलं होतं. डॉक्टर फेनेमांचं म्हणणं वेगळं होतं. अंगठा गेला की चालण्याचा भार शेजारच्या बोटावर येतो, मग तिथे जखम होते, मग तेही बोट जातं, असं त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं.

"मी बाजूने चीर देईन आणि फक्त सडलेलं हाड काढीन. अंगठा राहील. थोडा आखूड होईल, जरा लुळा पडेल, पण राहील. हाड थोडं थोडं कापत जायचं. कापलेल्या जागी ताजं रक्त पाझरलं की समजायचं, इथून पुढे हाड जिवंत आहे. तिथे थांबायचं."

"आणि नाहीच पाझरलं तर?" हिन्केने विचारलं.

"तर पुढे जावं लागेल. पाऊल किती उरेल ते आज सांगत नाही. मला खोटं बोलता येत नाही."

वीब्रेनने घसा साफ केला. "मला वसंतात कुरणात जायचंय."

डॉक्टर स्वतः इकडच्याच, फ्रीसलंड प्रांतातल्या एका गावातल्या. कशासाठी म्हणून त्यांनी विचारलं नाही. हिवाळा सरला की टिटव्या येतात आणि उघड्या गवतात, जमिनीवरच अंडी घालतात. वीब्रेनचा बाप ती अंडी टोपीत घालून घरी आणायचा. आता ती उचलायला बंदी आहे. आता वीब्रेनसारखी माणसं घरटी हुडकतात आणि बाजूला काठ्या रोवून ठेवतात, म्हणजे गवत कापणारं यंत्र तेवढी जागा वगळून जातं. लांब वाशाच्या टेकूने चर ओलांडत हा माणूस दिवस दिवस भिजत हिंडायचा. घरातली हरवलेली चावी त्याला कधी सापडली नाही, पण शंभर पावलांवरून घरटं दिसायचं. कुरण गेलं तर ह्या माणसात काय उरेल, हा प्रश्न हिन्के महिनाभर स्वतःला विचारत होती आणि उत्तर नको म्हणून भांडी घासत होती.

"वसंत तुमच्या हातात आहे," डॉक्टर म्हणाल्या. "जखम पूर्ण भरेपर्यंत हा पाय जमिनीला लागता कामा नये. एकदाही नाही. आणि शस्त्रक्रियेला याल तेव्हा घरातले ह्यांचे सगळे जोडे घेऊन या. मी स्वतः आत हात घालून बघते. कुठे काही रुतणारं राहिलं, तर मी केलेलं सगळं फुकट जाईल."

हिन्केने सांगितलं तसं केलं. चर्चला जायचे काळे बूट, चिखलातले रबरी बूट, घरातल्या सपाता, एवढंच काय, बर्फावर घसरायचे जुनाट बूटसुद्धा पिशवीत भरून नेले. डॉक्टरांनी एकेकात हात घालून बोटांनी आतला कोपरान् कोपरा चाचपला. वीब्रेन पलंगावर बसून प्रत्येक बुटातून बाहेर येणाऱ्या त्या हाताकडे बघत होता. काही सापडलं नाही. क्लोम्प त्या पिशवीत नव्हते. ते आणायचं हिन्केच्या डोक्यातही आलं नाही आणि विचारायचं डॉक्टरांच्याही नाही. क्लोम्प लाकडाचे. त्यांची जागा मागच्या दाराबाहेर, झाडू-बादलीच्या शेजारी. घरात पाऊल टाकण्याआधी ते काढायचे आणि मोज्यांवर आत यायचं. जोडे आणा म्हटल्यावर इकडचा कुणीही माणूस क्लोम्प मोजत नाही.

शस्त्रक्रियेच्या वेळी त्याला जागंच ठेवलं होतं, फक्त घोट्याखाली सुया देऊन पाय सुन्न केला होता. हिन्के बाहेरच्या बाकावर बसली. यंत्रातली कॉफी घेतली, ती हातातच गार झाली. तिच्यासमोर भिंतीवर गाईंचं चित्र होतं आणि एका गाईचं शिंग चित्रकाराने चुकवलं होतं. ती त्या शिंगाकडेच बघत राहिली. देवाकडे मागायचं काय, हे तिला नीट कळत नव्हतं. माझ्या नवऱ्याचं रक्त वाहू दे, असं कुणी मागतं का? पण तिने तेच मागितलं.

दार उघडून डॉक्टर फेनेमा बाहेर आल्या आणि तोंडावरची पट्टी खाली ओढली.

"आलं रक्त," त्या म्हणाल्या. "छान लाल. तिथेच थांबले मी."

हिन्केचा जीव भांड्यात पडला. ती डॉक्टरांचा हात धरून रडली आणि कॉफी दोघींच्या बुटांवर सांडली.

"ती सुई वाया गेली," आत वीब्रेन ऐटीत सांगत होता. "माझा पाय आधीच झोपलेला. सुताराकडे बसल्यासारखं वाटत होतं. करवत, छिन्नी, सगळं ऐकलं. आणि पोकळीत औषधाचे पांढरे मणी भरलेत. ते म्हणे आपोआप विरघळतात. तुझ्या माळेतले नाहीत ना गं घेतले?"

"तोंड तेवढं बधिर करायचं राहिलं त्यांच्याकडून," हिन्के म्हणाली आणि त्याच्या कपाळावर ओठ टेकले.

घरी बाहेरच्या खोलीत, शेगडीजवळ, कुरणाकडच्या खिडकीशी त्याची खुर्ची मांडली. पाय स्टुलावर, उशीवर. दिवसाआड गावातली परिचारिका लीस्बेट पट्टी बदलायला यायची आणि प्रत्येक वेळी हिन्के तिला सगळी कथा नव्याने ऐकवायची.

"अनवाणी गेला, अनवाणी! रबर ठोकलेले क्लोम्प असताना!"

"पुरुषांना अक्कल उशिरा येते, काकू," लीस्बेट पट्टी गुंडाळत म्हणायची.

"ह्याची तर अजून वाटेतच आहे."

वीब्रेन ऐकून घ्यायचा. बहिणीला फोनवर, बेकरीत, चर्चच्या दारात हिन्केने तीच गोष्ट इतक्यांदा सांगितली की रस्त्यातली पोरंसुद्धा खिडकीतून त्याला विचारायची, आजोबा, मोजे घातलेत ना? तो त्यांना पाय उचलून दाखवायचा. ह्या माणसाला झालंय तरी काय, असं हिन्केला अधूनमधून वाटायचं. एरवी एका शब्दाला दहा ऐकवणारा, आता बोलणी खाऊन वर हसत होता. आणि पाय खरोखरच त्याने एकदाही जमिनीला लावला नाही. लघवीला जायचं तरी हिन्केच्या खांद्यावर भार टाकून लंगडी घालत जायचा, आणि वाटेत म्हणायचा की लग्नातसुद्धा आपण इतके जवळून नाचलो नव्हतो.

त्याची सगळी कामं आता तिच्यावर आली. कोंबड्या, राख, पाणी. लाकडंसुद्धा. लाकडांचा ढीग कोठाराच्या आडोशाला होता आणि तो आजवर फक्त वीब्रेनचा होता. कुठली ओळ आधी, कुठली नंतर, ह्यात त्याने कुणाला बोट घालू दिलं नव्हतं. आता हिन्के टोपली भरून रोज समोरची सुकी लाकडं नेऊ लागली. जखम वरून आक्रसत होती आणि ढीग खाली चालला होता.

मार्चच्या एका सकाळी पहिली टिटवी ओरडली. वीब्रेनने दुर्बीण डोळ्याला लावली ती जेवणापर्यंत काढली नाही. संध्याकाळी म्हणाला, तिसऱ्या चरापलीकडे एक बसलीय. दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडाकडे बघवेना. शेवटी हिन्केने त्याचे रबरी बूट चढवले, काखेत काठ्या मारल्या, खिशात फोन टाकला आणि कुरणात उतरली.

"डावीकडे," फोनमधून हुकूम आला. "डावीकडे गं! तुझ्या डावीकडे, माझ्या नाही!"

"माझं डावं कुठलं ते मला कळतं, म्हाताऱ्या!"

"मग तिकडे जा ना! हां. आता हळू. थांब. पायाखाली बघ. आणखी एक पाऊल टाकलंस तर ऑम्लेट होईल."

तिने खाली पाहिलं. गवताच्या खळग्यात चार ठिपकेदार अंडी होती, टोकं आत करून, चिखलाच्याच रंगाची. तिच्या डोक्यावर टिटवी जिवाच्या आकांताने किंचाळत घिरट्या घालत होती. इतकी वर्षं ह्याच्याबरोबर काढली आणि आपण हे एकदाही बघितलं नव्हतं, ह्याचं तिला वाईट वाटलं. तिने काठ्या रोवल्या आणि घराकडे वळून हात केला. लांब खिडकीत त्यानेही हात केला.

त्याच आठवड्यात डॉक्टर फेनेमांनी पट्टी सोडली आणि परत बांधली नाही. जखम भरली होती. प्रयोगशाळेतूनही चांगलं उत्तर आलं होतं, उरलेलं हाड स्वच्छ होतं. खास मापाचे बूट तयार झाले की सोमवारपासून थोडं थोडं चालायला हरकत नव्हती.

"पण कारण लक्षात ठेवा," डॉक्टर म्हणाल्या. "जे एकदा झालं ते पुन्हा व्हायला वेळ लागत नाही."

"अनवाणी नाही फिरणार," वीब्रेन म्हणाला.

"मी आहे ना," हिन्के म्हणाली.

घरी आल्यावर तिने त्याला खुर्चीत बसवलं, कॉफी ठेवली आणि आज दोन बिस्किटं दिली. शेगडी विझत आली होती म्हणून टोपली घेऊन ती आडोशाला गेली. ढिगाची शेवटची ओळ उरली होती. तिने दोन ओंडके उचलले आणि मागे भिंतीशी खोचलेलं खाद्याचं रिकामं पोतं तिला दिसलं. आत काहीतरी टणक होतं. तिने ते ओढून उघडलं. वीब्रेनचे क्लोम्प होते.

तिला आधी हसूच आलं. दाराशी आपलेच क्लोम्प आहेत, त्याचे नाहीत, हे तिने हिवाळ्यात कधीतरी पाहिलं होतं. टाकले असतील कुठेतरी, हा काय वस्तू जागेवर ठेवणारा आहे, असं म्हणून रुग्णालयाच्या गडबडीत विसरूनही गेली होती. पण पोत्यात बांधून, ढिगामागे? डॉक्टरांना करताना पाहिलं होतं तसा तिने सहज आत हात घातला. उजव्यात काही नव्हतं. डाव्यात, अंगठ्याच्या मुळाशी, बोटाला मऊ काहीतरी लागलं.

तिने क्लोम्प उजेडाकडे धरला. आत चामड्याचा एक गोल तुकडा चिकटवलेला होता, नाण्याएवढा, कडा नीट तासलेल्या. तिने नखाने तो उचलला. खाली खिळ्याचं टोक होतं. ते ठोकून आडवं पाडलेलं होतं आणि वर कानशीने घासून गुळगुळीत केलेलं होतं. भोवतालचं लाकूड काळपट तांबडं पडलं होतं.

हिन्केने क्लोम्प उलटा केला. तळाला तिनेच ठोकलेलं रबर होतं. तिचीच खिळ्यांची ओळ होती. एका खिळ्याचं डोकं इतरांपेक्षा मोठं होतं. छोटे खिळे संपले म्हणून शेवटी तो लांब खिळ्यांच्या डब्यातून घेतला होता, तो तिला आता लख्ख आठवला.

ती लाकडं फोडायच्या ठोकळ्यावर बसली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो कुणाकडेच बघत नव्हता. चुकलंच माझं, म्हणाला होता. त्याच्या आधीच कधीतरी हा इथे बसला असेल, एकटा, रक्ताळलेला मोजा काढून, आणि आत हात घालून बघितलं असेल. मग हातोडी आणली असेल. जाळून टाकायचे तर रबराचा वास घरभर झाला असता आणि मी विचारलं असतं. आणि सारा हिवाळा मी गावभर ह्याची अक्कल काढत फिरले. तिला इतकी लाज वाटली, आणि त्या लाजेच्याही खालून इतकी माया दाटून आली, की तिला धड रडताही येईना.

पक्कड घेऊन तिने रबर उपटायचा प्रयत्न केला. निघेना. तिने ते फारच मनापासून ठोकलं होतं.

शेवटी टोपलीत वर लाकडं आणि खाली क्लोम्प घालून ती आत आली. वीब्रेनची पाठ होती, दुर्बीण डोळ्याला होती. तिने शेगडीचं दार उघडलं, दोन्ही क्लोम्प आत ढकलले, वर एक ओंडका ठेवला आणि दार लावलं. वाळलेलं लाकूड लगेच पेटलं. मग तो वास आला, दाट आणि कडवट, आणि खोलीभर पसरला.

वीब्रेनने दुर्बीण खाली ठेवली. शेगडीकडे पाहिलं. मग तिच्या हातांकडे पाहिलं. त्यांना कोळिष्टकं आणि भुसा लागला होता.

"रबर जळतंय," तो म्हणाला.

"हो."



"अनवाणी गेलो होतो मी," तो म्हणाला. "कोठारात."

"माहीत आहे." तिने हातांवरचा भुसा झटकला. "साऱ्या गावाला माहीत आहे."

"तेच बरं आहे."

तिने स्टूल ओढलं आणि त्याचं डावं पाऊल मांडीवर घेतलं. मोजा काढला. अंगठा आखूड झाला होता, थोडा वाकडा, आणि बाजूने गुलाबी वण गेला होता. तिने त्या वणावर आपला अंगठा टेकवला आणि तसाच ठेवला.

"कळतंय का काही?"

"नाही," वीब्रेन म्हणाला. "पण दिसतंय."

धूर शेगडीच्या फटीतून येत होता. हिन्केने खांद्यानेच डोळे पुसले.

"डोळे झोंबतायत तुझे," तो म्हणाला. "खिडकी उघड ना जरा."

"आणि पाय कुणी धरायचा?"

खिडकी बंदच राहिली.